दूधवाल्याची टांकसाळ

आमच्या मॅनुका फ्लॅट गावात दूध उशिरा यायचं, आणि त्याला कारण देशाची अर्थव्यवस्था होती.

आमचा दूधवाला हेक्टर मॅकस्विगन पहाटे घोडागाडी जुंपून अगदी वेळेवर निघायचा. पण पहिल्याच फाटकाशी कुणी झोपेतल्या कपड्यांत बाटल्या उचलायला बाहेर आलं, की तो लगाम सैल सोडायचा, टोपी मागे सारायचा आणि विचारायचा, "मला एक सांगा, पैसा येतो कुठून?"

या प्रश्नाला धोका नसलेलं उत्तर नव्हतं. "बँकेतून" म्हणालात तर अर्धा तास. "सरकारकडून" म्हणालात तर पाऊण, कारण मग तो आधी तुमचा गैरसमज दूर करायचा आणि मग बँकेवर यायचा. "माझ्या नवऱ्याकडून," असं मिसेस पेथरिक एकदा म्हणाल्या. तेव्हा तो त्यांच्या नवऱ्यावरून नवऱ्याच्या मालकावर, तिथून लोकर घेणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यावर आणि तिथून फिरून बँकेवर आला. तोवर घोड्याने बाईंची डेलियाची अख्खी रांग फस्त केली. घोड्याचं नाव गव्हर्नर, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरवरून ठेवलेलं. "प्रत्येकाच्या दाराशी थांबणारा देशातला हा एकमेव गव्हर्नर," असं हेक्टर छाती काढून सांगायचा.

छाती म्हणजे काय, शर्टाची दोन बटणं. माणूस उंच, काटकुळा, कान असे की वाऱ्याच्या दिवशी आम्हाला त्याची काळजी वाटायची. त्याची बायको आयव्ही मात्र बुटकी, गुबगुबीत आणि शांत. चलन-सुधारणेच्या पक्षातर्फे हेक्टर दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दर निवडणुकीला अनामत रक्कम घालवायचा. गाव त्याचं दूध डोळे मिटून घ्यायचं, पण मत द्यायची वेळ आली की डोळे उघडायचं. एकदा निकालानंतर तो घरी येऊन म्हणाला, "आयव्ही, निदान तुझं मत तरी माझंच होतं." आयव्ही विणता विणता म्हणाली, "तू निवडून आला असतास तर पहाटे गाई कुणी पिळल्या असत्या?" 

आता एवढं वेड माणसाला लागतं कशाने? त्याने ते मला एकदाच सांगितलं, सायकलच्या माझ्या दुकानात, पंक्चर निघेपर्यंत. मंदीच्या वर्षांत तो नुकता धंद्याला लागला होता. दूध घ्यायला कुणाकडे पैसे नव्हते आणि फुकट वाटायला वरून बंदी होती. बापाच्या हुकमावरून त्याने किटल्याच्या किटल्या ओढ्यात ओतल्या. पलीकडच्या काठावर शाळेतली पोरं उभी राहून बघत होती. "दूध होतं," हेक्टर म्हणाला, "पोरं होती. मधे फक्त पैसा नव्हता. मग मी म्हटलं, हा पैसा असतो तरी कोण, आणि याला नसायची परवानगी दिली कुणी?" त्या दिवशी मी पंक्चरचे पैसे घेतले नाहीत. पण तेवढ्यावरून तो उत्साहाने सुरू झाला, तेव्हा पुढच्या खेपेपासून घेतले.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. देशाचा पैसा देशाने स्वतः निर्माण करावा, रस्ते-हॉल-शाळांवर खर्च करावा आणि कर म्हणून परत ओढून घ्यावा. बँकांनी तो हवेतून काढून आपल्यालाच व्याजाने द्यावा, हा आचरटपणा बंद व्हावा. एवढंच. याला तो दोन तास लावायचा.

मग ते वादळ आलं. वायव्येकडचा वारा सुटला आणि आमच्या सार्वजनिक हॉलचं छप्पर उचलून त्याने शेजारच्या सलगमच्या शेतात नेऊन ठेवलं. हॉल म्हणजे गावाचं सगळं काही. नाच तिथे, लग्नाची जेवणं तिथे, फुलांचं प्रदर्शन तिथे. हॉल-कमिटीच्या अध्यक्ष मिसेस पेथरिक हॅट घालून, हेक्टरला चिटणीस म्हणून बरोबर घेऊन बँकेत गेल्या. मीही कमिटीवर होतो, म्हणून मागे उभा होतो.

बँकेचे मॅनेजर मिस्टर ऍबरनेथी. अतिशय सज्जन, अतिशय इस्त्री केलेले.

"तारण काय?" त्यांनी विचारलं.

"हॉल," मिसेस पेथरिक म्हणाल्या.

"छप्पर नसलेला?"

"छप्पर असतं तर तुमचं तोंड बघायला आलो असतो का?"

"हे पाहा बाई, माझ्याकडचा पैसा लोकांनी विश्वासाने ठेवलेला आहे. तो मी असा..."

"कुणी ठेवलेला?" हेक्टर मधेच म्हणाला. मी डोळे मिटून घेतले. "गेल्या महिन्यात तुम्ही पोर्टरला ट्रॅक्टरसाठी कर्ज दिलंत. त्या दिवशी गावातल्या कुणाच्या खात्यातली रक्कम कमी झाली? माझी नाही झाली. मिसेस पेथरिक, तुमची?"

"माझ्या खात्यात कमी व्हायला आहे काय?"

"म्हणजे तुम्ही पोर्टरच्या नावापुढे आकडा लिहिलात आणि झाला पैसा! मग हॉलच्या नावापुढे लिहा की. का, शाई महाग झालीय?"

"मिस्टर मॅकस्विगन, ते इतकं सोपं नसतं."

"मग अवघड करून सांगा. मला वेळ आहे."

मिस्टर ऍबरनेथींना वेळ नव्हता. त्यांनी आम्हाला दार उघडून दिलं, बाहेर जायचं.

त्याच आठवड्यात बिनछपराच्या हॉलमध्ये गावाची सभा भरली. हेक्टर स्टेजवर चढला. 

"पत्रे आहेत का गावात?"

"स्टोअरमागे गंजताहेत," कुणीतरी ओरडलं.

"लाकूड?"

"गिरणीत पडलंय."

"सुतार? नॉबी रिकामा बसलाय."

"रिकामा नाही रे, हेक," नॉबी सुतार म्हणाला, "विचार करत बसलोय."

"म्हणजे सगळं आहे. फक्त पैसा नाही! गुण लिहायचा खडू संपला म्हणून कुणी रग्बीचा सामना रद्द करतं का? मग खडू आपणच करू!"

आणि त्याने खिशातून दुधाचा बिल्ला काढून वर धरला.

आमच्याकडे दुधाचे पैसे फाटकाशी ठेवत नाहीत. हेक्टरकडून आधीच पत्र्याचे बिल्ले घेऊन ठेवायचे, रात्री रिकाम्या बाटलीशेजारी एक ठेवायचा, सकाळी बिल्ला गेलेला आणि बाटली भरलेली. हेक्टरचं म्हणणं, असेच नवे बिल्ले पाडायचे. त्यांतून सुताराला, गिरणीला, स्टोअरला द्यायचे. ज्याला हवं त्याने एका बिल्ल्याला एक बाटली दूध घ्यावं, नाहीतर पुढच्याला द्यावा. छप्पर झालं की हॉलमधल्या नाचांना प्रवेश म्हणून तेच बिल्ले गोळा करायचे आणि हातोड्याने सपाट करून टाकायचे. 

"आणि किती पाडायचे ते कोण ठरवणार?" मिसेस पेथरिकांनी संशयाने विचारलं. "तू?"

"मी?" हेक्टरला धक्काच बसला. "पैसा पाडणारा आणि किती पाडायचा ते ठरवणारा एकच माणूस? मग माझ्यात आणि बँकेत फरक काय? ठरवणार गाव. आणि ठसा राहणार तुमच्याकडे."

अशा रीतीने आमच्या गावाची टांकसाळ हेक्टरच्या शेडमध्ये सुरू झाली आणि टांकसाळीचा ठसा मिसेस पेथरिकांच्या लोकरीच्या पिशवीत, अर्ध्या विणलेल्या मोज्यात राहू लागला. ठशावर तुई, म्हणजे आमच्या रानातला गाणारा पक्षी, कोरलेला होता. कोरला नॉबीने, त्यामुळे तो थोडा कोंबडीसारखा दिसायचा.

"आयुष्यभर सांगत आलास की पैसा खाजगी माणसाने पाडू नये," आयव्ही बिल्ले पाडायच्या यंत्राचा दांडा ओढता ओढता म्हणाली. "मग आपल्या शेडमध्ये हे काय चाललंय?"

"हे खाजगी नाही, आयव्ही. शेड फक्त देशसेवेला दिलीय."

"आणि माझा हा दुखरा दंड?"

आणि काय सांगू, चालले की हो बिल्ले! नॉबीने ते खाटकाला दिले, खाटकाने न्हाव्याला, न्हाव्याने मला, मी स्टोअरमध्ये. चर्चच्या थाळीत ते पडू लागले आणि पाद्रीबाबांनी ते डोळा न लवता उचलले. रग्बीचा टॉस कोंबडी की कोरा असा होऊ लागला. एक दिवस हवालदार शेडवर चौकशीला आला.

"हेक्टर, नाणी पाडणं गुन्हा आहे."

"हे नाणं नाही, दूध आहे. फक्त पातळ नाही."

"तसं लिहून घेऊ का मी?"

"लिही. केस छान कापून घेतलेस. न्हाव्याला काय दिलंस?"

हवालदाराने वही मिटली. 

छप्पर चढलं. मग गाव चेकाळलं. छप्पर झालंच आहे तर पन्हळी करू. पन्हळी झाल्या तर रंग. रंग झाला तर पियानोचे सूर. दर सभेत हात वर, दर वेळी मोज्यातून ठसा बाहेर. हेक्टर इतका खूष होता की भाषण अवघ्या वीस मिनिटांत संपवू लागला. सगळ्यात गंमत म्हणजे लोक बिल्ले दुधावर खर्च करेनात. दुधावर घालवायला ते फारच कामाचे वाटायचे. जो तो बरणीत साठवायला लागला.

मग मिस्टर ऍबरनेथी माझ्या दुकानात आले. हेक्टर तिथे गव्हर्नरच्या गाडीचं चाक दुरुस्त करून घेत होता.

"मिस्टर मॅकस्विगन, एक साधा प्रश्न. तुमच्या गाई दिवसाला दूध देतात ते जास्त, की गावातले बिल्ले जास्त?"

हेक्टरचे कान लाल झाले. "बिल्ले. पण सगळे एकाच दिवशी थोडेच येणार आहेत!"

मिस्टर ऍबरनेथी माझ्या बाकावर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग मिशा हलल्या, मग ते चक्क हसले. इस्त्री मोडली. "हेच वाक्य!" ते डोळे पुसत म्हणाले. "अगदी हेच वाक्य मला बँकेत पहिल्या दिवशी शिकवलं होतं. या, मिस्टर मॅकस्विगन, या. आमच्या धंद्यात स्वागत आहे तुमचं."

हेक्टर दोन दिवस जेवला नाही. दुधाचं वचन त्याने दिलेलं होतं. एका सकाळी एक जरी बाटली रिकामी राहिली, तरी बिल्ला म्हणजे पत्र्याचा तुकडा, आणि त्याची सगळ्या फाटकांवरची सगळी भाषणं म्हणजे नुसती वाफ. मग ऍबरनेथींना फक्त एवढंच म्हणायचं उरलं असतं: बघा, मी सांगत नव्हतो?

"तू उगाच घाबरतोस," आयव्ही म्हणाली. "सगळ्या गावाला एकाच दिवशी एवढं दूध कशाला लागेल?"

हॉलच्या उद्घाटनाची नोटीस लागली होती. शनिवारी संध्याकाळी, पहिलाच दिवस म्हणून प्रवेश मोफत, आणि खाली नेहमीची ओळ: बायकांनी एक प्लेट आणावी. प्लेट म्हणजे भरलेली, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. आणि कोण काय भरून आणणार हे आमच्याकडे विचारत नाहीत. ते विचारणं म्हणजे शेजारणीचं वय विचारण्यासारखं. प्रत्येक बाई मनाशी ठरवते आणि शेवटपर्यंत झाकण उघडत नाही. आता हॉल नवा, रंग नवा, पियानो सुरात. अशा वेळी स्कोनचे साधे छोटे पाव किंवा मटणाचं सँडविच घेऊन कोण जाईल? म्हणून मॅनुका फ्लॅटमधल्या प्रत्येक बाईने, इतर कुणाला सुचणार नाही अशा खात्रीने, ट्रायफल करायचं ठरवलं. खाली केक, वर जॅम, त्यावर हातभर कस्टर्ड. कस्टर्डला दूध लागतं.

शनिवारी उजाडता उजाडता हेक्टर, आयव्हीला मदतीला गाडीवर घेऊन, पहिल्या फाटकाशी पोचला. तिथे एरवीच्या दोन बाटल्या नव्हत्या. बाटल्यांची पलटण होती, मागे जग, त्यामागे तोंड धुवायचं भांडं, आणि बाजूला बिल्ल्यांचा ढीग. दुसऱ्या फाटकाशी तेच. तिसऱ्याशी मुलांची वाळूची बादलीसुद्धा. चौथ्यापाशी तो फुटपाथवर बसला. गव्हर्नर सवयीने पुढच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला.

मी दुकान उघडत होतो. बँकेच्या वरच्या मजल्यावरचा पडदा जरासा सरकलेला मला दिसला.

"ओढा जवळच आहे," मी आपलं वातावरण हलकं करायला म्हणालो.

हेक्टरने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे झालो. "दुधात पाणी? सगळी सरकारं तेच करतात! मेलो तरी करणार नाही."

"मरायला वेळ नाही," गाडीवरून आयव्ही म्हणाली. "चढ वर. पेथरिकबाईंकडे चल. तुम्हीही या हो."

मिसेस पेथरिक ऍप्रन बांधून केक कापत होत्या. आम्हाला बघताच त्यांनी टेबलावर फडकं टाकलं.

"ट्रायफल?" आयव्हीने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"गावातल्या सगळ्या फाटकांनी."

बाईंच्या हातातली सुरी थांबली. "सगळ्या?"

"सगळ्या."

"ती शेजारची विनिफ्रेडसुद्धा? तिला कस्टर्ड लागू न देता करता येत नाही!" मिसेस पेथरिक खुर्चीत बसल्या. देशाच्या चलनावर कधीही न आलेलं संकट आता त्यांच्या डोळ्यांपुढे होतं: लांबच्या लांब टेबल आणि त्यावर फक्त ट्रायफल. आणि जिल्ह्याचे पाहुणे येणार. मग ऍप्रनला हात पुसून त्या म्हणाल्या, "हेक्टर, तुझ्या भाषणात तो कराचा भाग असतो ना, जिथे मी दार लावून घेते? तो सांग. थोडक्यात."

"सरकारने पैसा बाहेर सोडायचा," हेक्टर क्षीण आवाजात म्हणाला, "आणि कर त्याच पैशात मागायचा. मग लोकांना तो पैसा हवासा वाटतो. कुणी तो फेकत नाही."

"एवढंच? आणि एवढ्यासाठी तुझ्या घोड्याने माझी डेलिया खाल्ली?"

त्यांनी ऍप्रन न काढताच हॅट चढवली, गाडीवर हेक्टरच्या शेजारी बसल्या आणि दुधाची घंटा हातात घेतली. मग मॅनुका फ्लॅटच्या रस्त्यारस्त्यातून जी दवंडी फिरली तशी कधी फिरली नाही. "आज हॉलमध्ये प्रवेश मोफत नाही! माणशी एक बिल्ला! शिलिंग चालणार नाहीत, नोटा चालणार नाहीत, फक्त बिल्ला! म्हाताऱ्यांनाही! पोरांनाही! हेक्टर, घोडा हाक, आपण तुझ्या भाषणाला आलेलो नाही!"

दारं धडाधड उघडली. केसांना रोलर लावलेल्या बायका, अर्धी दाढी झालेले नवरे, सगळे फाटकांकडे धावले. दूध न्यायला नाही, बिल्ले परत उचलायला! पाच माणसांच्या घराला पाच बिल्ले हवेत, शिवाय विधवा मावशीचा एक, आणि तिचे गुडघे बरे झाले तर तिच्या बहिणीचा एक. बरण्या उलट्या झाल्या. खाटकाच्या घरी सासूला नेणं परवडतं का यावर जोरात चर्चा झाली आणि ती सासूने ऐकली. जगभर कुठल्याही बँकेपुढे लागतात तशा रांगेच्या बरोबर उलटी रांग होती ती. ज्यांच्या घरी तान्ही पोरं होती त्यांना दूध मिळालं, चहापुरतं ज्याला हवं त्याला मिळालं. एकही ठेवलेला बिल्ला असा नव्हता की ज्याची बाटली भरली नाही. हेक्टर शेवटच्या फाटकाशी पोचला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि गाडी जवळजवळ भरलेली.

"आता या उरलेल्या दुधाचं काय?" आयव्हीने विचारलं. ऊन तापायला लागलं होतं.

हेक्टर ओढ्याच्या बाजूला बघेना. "हॉलवर न्यायचं," तो म्हणाला. "सगळं."

म्हणून हॉलच्या स्वयंपाकघरात, चहाचं पाणी उकळायच्या तांब्याच्या हंड्यात, सबंध गावासाठी एकच कस्टर्ड चढलं. बायकांनी घाईघाईने स्कोन केले, सँडविचेस कापली, आणि प्रत्येकीने दुसरीला सांगितलं की माझं आधीपासून स्कोनचंच ठरलं होतं.

संध्याकाळी दारात मिसेस पेथरिक दुधाची मोठी किटली घेऊन बसल्या. खण, खण, खण, बिल्ले पडत होते. रांगेत मिस्टर ऍबरनेथी आले, काळा सूट, बरोबर बायको. त्यांनी दहा शिलिंगची नोट पुढे केली.

"चालत नाही," मिसेस पेथरिक म्हणाल्या.

"बाई, हा देशाचा पैसा आहे!"

"असेल. देशाच्या दाराशी चालेल. हे हॉलचं दार आहे."

"पण माझ्याकडे बिल्ला कुठून असणार? मी ते कधी घेतलेच नाहीत."

"मग कमवा. आत कस्टर्ड ढवळायला माणूस हवाय. अर्ध्या तासाला एक बिल्ला."

मिस्टर ऍबरनेथींनी बायकोकडे पाहिलं. मिसेस ऍबरनेथींनी कानातली कर्णफुलं नीट केली आणि म्हणाल्या, "तासभर ढवळ, आर्थर. मला नाचायचंय."

मी ताटल्या न्यायला आत गेलो तेव्हा मॅनेजरसाहेब कोट काढून, बाह्या वर करून हंड्यावर वाकले होते. हातात वल्ह्याएवढा लाकडी दांडा. किटल्या रिकाम्या करायला हेक्टर आला, आणि त्याच्या लक्षात आलं की कस्टर्ड ढवळणारा माणूस जागा सोडून जाऊ शकत नाही. इतक्या वर्षांत एकही बँकवाला त्याला असा सापडला नव्हता. त्याने किटली हळूच खाली ठेवली.

"बोला," मिस्टर ऍबरनेथी दमलेल्या आवाजात म्हणाले. "मला माहीत आहे, तुम्ही बोलणारच."

"उद्या सकाळी मी सगळे बिल्ले ठोकून सपाट करणार आहे."

साहेबांचा दांडा थांबला. "सगळे? एकसुद्धा न ठेवता? लोक अजून मागताहेत तरी?"

"सगळे. कामापुरते पाडले, काम झालं. ढवळा, खाली लागतंय."

"मूर्खपणा आहे! गावात आता पैशाची सवय लागली आहे. तुम्ही एकदम सगळा काढून घेतलात तर नॉबीला पुढचं काम कोण देईल? निम्मे तरी राहू द्या!"

"म्हणजे तुमचं म्हणणं, गावाने स्वतःचा पैसा चालू ठेवावा?"

"मी असं कुठे म्हणालो?"

"आत्ता म्हणालात. हे साक्षीदार आहेत."

मी ताटल्या उचलल्या आणि सटकलो. तासाभराने मिस्टर ऍबरनेथींना दोन बिल्ले मिळाले. त्यांतला एक त्यांनी खिडकीतून बाहेर थांबलेल्या बायकोला दिला, दुसरा तसाच मुठीत धरून ते हेक्टरशी भांडत राहिले, आणि स्वयंपाकघरातून नाचाला यायचं दोघांनाही सुचलं नाही. कस्टर्ड तळाशी चांगलंच लागलं. पियानो मात्र सुरात होता. आयव्ही थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभी राहिली, मग मिसेस ऍबरनेथींपुढे जाऊन तिने कमरेत वाकून हात पुढे केला, आणि त्या दोघी शेवटच्या गाण्यापर्यंत एकमेकींबरोबर नाचल्या.